ऑफिस ३६५ ला आठ वर्षांचं रिटेन्शन (मेल-फायली ठरावीक मुदतीपर्यंत जपून ठेवायची सेटिंग) लावलं की बॅकअप नको का?

अंबडचा_आयटीवाला:
नमस्कार. नाशिकला अंबड एमआयडीसीत आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, साठेक मेलबॉक्स, लायसन्स ई३ (ऑफिस ३६५ चा एक प्लॅन). मालक म्हणतात, "कायद्यानं हिशेबाचं सगळं आठ वर्षं ठेवायचं ना? मग आठ वर्षांचं रिटेन्शन टाक, बॅकअपला वेगळे पैसे कशाला?" त्यात खरेदीतले एक साहेब महिनाअखेरीस निवृत्त होतायत. त्यांचं लायसन्स नव्या पोराला द्यायचंय, पण सप्लायरची सगळी कोटेशनं त्यांच्याच मेलमध्ये. काय करू?

गोदाकाठ:
रिसायकल बिन ९३ दिवस असतो की. आमचं आजवर भागलंय.

जुना_सर्व्हरवाला:
गोदाकाठ, ते ९३ दिवस शेअरपॉइंट आणि वनड्राइव्हचे, म्हणजे फायलींचे. मेल डिलिटेड आयटम्समधूनही उडवली, की ती मूळ सेटिंगनं १४ दिवस परत मिळते, वाढवून फार तर ३०.

अंबडकर, आधी मालकांचा आकडा बदला. कंपनी कायदा चालू वर्ष सोडून मागची आठ आर्थिक वर्षं धरतो. रिटेन्शनची पॉलिसी मेल आल्या तारखेपासून मोजते. एप्रिल २०२४ चं बिल मार्च २०३३ पर्यंत लागतं, तुमची पॉलिसी ते एप्रिल २०३२ मध्येच पुसायला मोकळं करणार. दहा टाका. मुदत संपल्यावर आपोआप पुसायचा पर्याय असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता बॅकअप. रिटेन्शन कायमचं पुसू देत नाही, बास. रॅन्समवेअरनं (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) सिंक झालेलं फोल्डर नासवलं तर जुन्या प्रती सापडतीलही, पण हजारो फायली उपसून जागच्या जागी कोण लावणार? 'मंगळवारी सकाळी होतं तसं दे' हे बॅकअपलाच सांगता येतं. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा बॅकअप वर्षभराचंच ठेवतो, पण अशा दणक्याला तेवढं पुरे.

साहेबांचं खातं पॉलिसी लागू झाल्याची खात्री करूनच काढा, म्हणजे मेलबॉक्स इनॅक्टिव्ह होऊन लायसन्सशिवाय राहतो. फक्त तो उघडता येत नाही, ई-डिस्कव्हरीतून (अ‍ॅडमिनचं शोधायचं साधन) शोधावं लागतं. खरेदीवाल्यांना रोज कोटेशनं बघायची असतील तर शेअर्ड मेलबॉक्स (अनेकांना उघडता येणारा) करा; ५० जीबीच्या आत साध्या वापराला लायसन्स नको, पण रिटेन्शन त्यालाही लावायचं तर लायसन्स लागतं. वनड्राइव्हमधल्या फायली आत्ताच विभागाच्या साइटवर हलवून घ्या.

खातेवही:
एक भर. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज, भारतातल्याच सर्व्हरवर लागतो. हे टॅलीला लागू, सगळ्या मेलला नाही. टॅलीचा डेटा कुठे असतो तुमचा?

अंबडचा_आयटीवाला:
अकाउंट्सच्या पीसीवर. बॅकअप पेनड्राइव्हवर, तोही शनिवारी.

खातेवही:
अहो, मग मेलचं राहू द्या, आधी ते बघा! बाहेरची सेवा घेतलीत तर डेटा मुंबईत की सिंगापुरात, हे करारात लिहून घ्या.

जुना_सर्व्हरवाला:
आणि टीम्सचे चॅट पॉलिसीत वेगळे निवडावे लागतात. नुसतं एक्स्चेंज (म्हणजे मेल) निवडून ते येत नाहीत.