शब्द हवा आहे: फॉस्टर केअर, किनशिप प्लेसमेंट (आकडेवारीच्या संदर्भात)

निशिगंध:
नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या फॉस्टर केअरच्या (आईवडील सांभाळू शकत नाहीत म्हणून सरकारने मुलाची जबाबदारी काही काळ घेणं) सरकारी आकडेवारीवर एका मासिकासाठी मराठीत लिहितेय आणि शब्दांपाशीच गाडी अडलीये. तिकडे प्रत्येक राज्य वर्षातून दोनदा केंद्र सरकारला एकेका मुलाची नोंद पाठवतं, त्या व्यवस्थेला ॲफकार्स म्हणतात, आणि त्याचा गोषवारा कोणालाही नेटवर बघता येतो. 30 सप्टेंबर 2022 या दिवशी 3,68,530 मुलं फॉस्टर केअरमध्ये होती, त्यातली साधारण एक तृतीयांश नातेवाईकांच्या घरी. हे वाक्य मराठीत कसं लिहू? दत्तक? पालक कुटुंब? संगोपन? किनशिप प्लेसमेंटला (मूल नातेवाईकांच्या घरी ठेवणं) भाषांतराच्या ॲपने 'नातेसंबंध नियुक्ती' असं दिलं, ते तर नकोच. वाचणाऱ्यांत अंगणवाडी सेविका, शाळेतल्या बाई असे लोक आहेत, त्यामुळे शब्द त्यांच्या तोंडी बसला पाहिजे.

वरदा_के:
दत्तक मुळीच नको. दत्तकात मुलाचं नातं कायद्याने कायमचं बदलतं, आडनाव, वारसा सगळंच. फॉस्टरमध्ये आईवडील आईवडीलच राहतात आणि बहुतेक वेळा मूल त्यांच्याकडे परत जावं हाच पहिला हेतू असतो. 'पालक कुटुंब' पण फसवं आहे, कारण आपल्याकडे पालक म्हणजे आईबापच, पालकसभेला कोण जातं ते बघा. जिल्ह्यांच्या प्रसिद्धीपत्रकांत 'प्रतिपालकत्व' वाचलाय, फॉस्टर केअरसाठीच. जड आहे पण 'प्रति' मुळे 'च्या जागी' हा अर्थ बरोबर येतो.

गोदाकाठ:
संगोपन तर अजिबात वापरू नका ताई, हे मी कळकळीने सांगतोय कारण याच क्षेत्रात काम करतो. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, 2023 पासून तिचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना, मुलामागे महिन्याला 2250 रुपये. इंग्रजी कागदांत हिलाच सरसकट फॉस्टर केअर म्हणून मोकळे होतात. आता यात मुलं कोणती येतात ते बघा, वडील वारलेत आणि मूल आईकडेच आहे, आई दुर्धर आजारी आहे, बाप जेलमध्ये आहे, आईवडील विभक्त झालेत, दोघंही गेले आणि मूल आजीकडे आहे, हे सगळे एकाच यादीत. म्हणजे स्वतःच्या आईच्या कुशीत झोपणारं मूल इंग्रजीत फॉस्टर चाइल्ड ठरतं! उलट बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 2(29) काढा, तिथे फॉस्टर केअर म्हणजे बालकल्याण समितीने मुलाला त्याच्या जैविक कुटुंबाखेरीज दुसऱ्या, निवडलेल्या आणि देखरेखीखालच्या कुटुंबात ठेवणं. दोन व्याख्या एकमेकींच्या जवळपासही नाहीत. उद्या तुमचा लेख वाचून कोणी बालसंगोपनाच्या लाभार्थ्यांची संख्या घेईल, अमेरिकेच्या आकड्याशेजारी ठेवेल आणि महाराष्ट्रात फॉस्टर केअर किती जोरात चाललंय असा निष्कर्ष काढेल. प्रत्यक्षात ती संख्या मुख्यतः एकट्या आयांना दिलेल्या आधाराची आहे, आणि तो आधार फार मोलाचा आहे, पण त्याला त्याच्या नावानेच ओळखू द्या.

सह्याद्रीपार:
मी न्यू जर्सीत असते, इथल्या शाळेत समुपदेशक आहे. वरच्या मुद्द्याला जोडून, ॲफकार्स मूल कुठे झोपतं ते मोजत नाही, ते कोणाच्या जबाबदारीवर आहे ते मोजतं. घरांच्या प्रकारांची यादी बघितलीत तर त्यात परक्या फॉस्टर कुटुंबाचं घर, नातेवाईकांचं घर, दत्तक होण्याआधीचं घर, ग्रुप होम (थोडी मुलं एकत्र राहतात असं घर), संस्था हे आहेच, पण पळून गेलेली मुलंही आहेत आणि ट्रायल होम व्हिजिट नावाचा एक रकाना आहे. त्यात मूल चक्क आईवडिलांकडे राहायला परत आलेलं असतं, तरी केस बंद नाही म्हणून फॉस्टर केअरच्या आकड्यात मोजलं जातं. त्यामुळे 'परक्यांच्या घरी वाढणारी 3,68,530 मुलं' असं कृपा करून लिहू नका, 'सरकारच्या ताब्यात' किंवा 'सरकारच्या जबाबदारीवर असलेली' लिहा.

आणि नातेवाईकांचं म्हणाल तर खरी गोची पुढेच आहे. त्या एक तृतीयांशाची संख्या काढली तर सव्वा लाखाच्या आसपास येते. पण आईवडील घरात नाहीत आणि आजी, मावशी, काका किंवा जवळचा कुटुंबमित्र सांभाळतोय अशी सगळी मुलं मोजली तर तो आकडा सुमारे 25 लाख सांगितला जातो, ॲनी केसी फाउंडेशनच्या किड्स काउंट या आकडेवारीच्या संग्रहात बघा. इंग्रजीत दोन्हीला किनशिप केअर म्हणतात! पहिल्या गटातल्या आजीला सोशल वर्कर भेटायला येते, महिन्याचा भत्ता मिळू शकतो, कोर्टात तारीख असते. दुसऱ्या गटातल्या आजीकडे बऱ्याचदा शाळेत दाखवायला साधा कागदही नसतो, नातीला दवाखान्यात नेलं तर सही कोणाची इथपासून सुरुवात. अशा आज्या माझ्यासमोर बसून रडल्यात, म्हणून हे दोन गट एका शब्दात कोंबलेले मला बघवत नाहीत.

निशिगंध:
बाप रे, सव्वा लाख आणि 25 लाख. मग दोन शब्द लागतील असं दिसतंय. पहिल्यासाठी 'नात्यातलं प्रतिपालन' आणि दुसऱ्यासाठी? आणि तो 25 लाखांचा आकडा ॲफकार्समधून येत नसेल तर कुठून येतो?

सह्याद्रीपार:
घरोघरच्या पाहणीतून. जनगणना खात्याच्या वार्षिक पाहणीत तर थेट प्रश्न आहे, तुमच्यासोबत 18 वर्षांखालचं नातवंड राहतं का, त्याच्या मूलभूत गरजांची बहुतेक जबाबदारी सध्या तुमच्यावर आहे का, आणि किती काळापासून. यात कोर्ट, आदेश, लायसन्स काहीच विचारत नाहीत. मात्र 'हो' म्हणणाऱ्या आजीच्या घरात मुलाची आई पण राहत असू शकते, म्हणून या प्रश्नातून येणारा आकडाही जसाच्या तसा 'आईवडिलांविना' म्हणून उचलायचा नाही.

कलमवाचक:
'नातेवाईकाचं घर फॉस्टर होम आहे का' हा शब्दार्थाचा वाद अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, 1979, मिलर विरुद्ध युआकिम. इलिनॉय राज्य. चार भावंडं सरकारच्या ताब्यात आली, त्यातली दोघं थोरल्या बहिणीकडे आणि तिच्या नवऱ्याकडे ठेवली. परक्या कुटुंबाला एका मुलामागे महिना 105 डॉलर मिळायचे, बहिणीला मात्र साध्या कल्याण योजनेचे 63, कारण राज्याच्या व्याख्येत फॉस्टर घर म्हणजे बिननात्याचं घर. कोर्टाने सांगितलं की कायद्यातल्या शब्दांत नातेवाईकांना वगळलेलं नाही, घर बाकीच्या अटींत बसत असेल तर भत्ता सारखाच. म्हणून 'नात्यातलं प्रतिपालन' हा जोडशब्द मला पटतो, नातं आहे म्हणून ते प्रतिपालन नाही असं होत नाही.

आता आपल्याकडचं बघा. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 2(52) मध्ये दत्तकविधानापुरती 'नातेवाईक' ची व्याख्या आहे, त्यात आईकडचे आणि वडिलांकडचे अंकल-आंटी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा, बस. मराठीत उलगडलं तर काका-काकू, आत्या, मामा-मामी, मावशी एवढी माणसं आली. थोरली बहीण त्यात नाही! इलिनॉयमधली ती बहीण आपल्या या कलमात नातेवाईक ठरली नसती. सावत्र आजी, चुलत काका, सगळे बाहेर. तेव्हा कोणत्याही तक्त्यात 'रिलेटिव्ह' दिसलं की आधी त्या तक्त्याची व्याख्या उघडा, आपल्या घरातली नातलगांची कल्पना तिथे लावू नका.

मोगरी:
इंग्रजीत फिक्टिव्ह किन म्हणतात त्याला 'काल्पनिक नातेवाईक' असं एका भाषांतरात वाचलं आणि फार वाईट वाटलं. आपल्याकडे इतका सुंदर शब्द आहे की, मानलेला. मानलेला मामा, मानलेली बहीण. शेजारच्या काकूंनी आई गेल्यावर दोन वर्षं जेवूखाऊ घातलं तर त्या काल्पनिक कशा?

निशिगंध:
मोगरी, घेतला! 'मानलेले नातलग', हा थेट जाणार.

आकडेमोड:
ताई, आणखी दोन शब्दांची काळजी घ्या, नाहीतर आकडे बरोबर लिहूनही अर्थ चुकेल. 30 सप्टेंबरचा आकडा म्हणजे त्या दिवशी हजेरीपटावर असलेली मुलं. वर्षभरात नव्याने आलेली मुलं हा वेगळा आकडा, 2022 च्या सरकारी वर्षात (ते ऑक्टोबर ते सप्टेंबर असतं) तो 1 लाख 86 हजारांच्या आसपास होता. पहिल्याला 'त्या दिवशी असलेली', दुसऱ्याला 'वर्षभरात दाखल झालेली' असं लांबलचक का होईना पण लिहाच. कारण एका दिवसाच्या मोजणीत जास्त काळ राहणारी मुलं जास्त सापडतात, महिन्याभरात घरी गेलेलं मूल त्या दिवशी दिसण्याची शक्यताच कमी. मग समजा नातेवाईकांकडची मुलं जास्त काळ राहत असतील तर त्या दिवशीच्या मोजणीत त्यांचा वाटा फुगलेला दिसेल, आणि वाचणाऱ्याला वाटेल की दर तीन नव्या मुलांतलं एक नातेवाईकांकडे पाठवतात. तसं त्या आकड्यावरून म्हणता येत नाही.

जिल्हावार बघायचं असेल तर तिकडच्या बालशोषण आणि उपेक्षेवरच्या राष्ट्रीय माहितीसंग्रहातून अभ्यासकांना मूळ फाइल मिळते, पण ज्या काउंटीत 1000 पेक्षा कमी मुलं आहेत तिचा कोड झाकलेला असतो, मूल ओळखू येऊ नये म्हणून. तो झाकलेला रकाना म्हणजे शून्य नव्हे. 'माहिती नाही' असंही नका लिहू, 'ओळख राखण्यासाठी झाकलेलं' असं लिहा.

आणि भारताचं एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरातल्या 18 वर्षांखालच्या प्रत्येक मुलाबद्दल विचारतात, जन्मदाती आई हयात आहे का, ती याच घरात राहते का, तसंच वडिलांचं. आजोळी, मामाकडे वाढणारी मुलं आपल्याला दिसतात ती इथे, बालकल्याण समितीच्या कागदात बहुतेक नाहीतच.

गोदाकाठ:
अगदी खरं. घरभेटीला गेलो की कोणी प्रतिपालन वगैरे म्हणत नाही. 'मामाकडं असतोय तो.' 'आजीनं ठिवून घेतलाय.' 'शिकायला ठेवलाय आत्याकडं.' यातलं 'ठेवून घेणं' फार महत्त्वाचं, त्यात घेणाऱ्याने पुढाकार घेतलाय आणि समिती, आदेश, कागद काही नाही. बीड, अहिल्यानगरकडे ऊसतोडीला आईबाप गेले की मूल हंगामभर आजीकडे असतं, हंगाम संपला की परत, त्याला कोणी फॉस्टर म्हणेल का? नाही. पण ते सहा महिने सांभाळ आजीचाच.

म्हणून दुसऱ्या गटासाठी माझं मत 'नातलगांनी ठेवून घेतलेली मुलं'. आणि प्लेसमेंटला 'सोपवणूक'. सोपवलं म्हटलं की सोपवणारा कोण हा प्रश्न आपोआप येतो, कोर्टाने, समितीने, की आईने जाताना. आपल्याकडे केंद्राच्या मिशन वात्सल्य या मुलांसाठीच्या योजनेतही नातेवाईकांकडे राहणाऱ्या अनाथ मुलाला मदत मिळते ती स्पॉन्सरशिपच्या सदरात, फॉस्टर केअरच्या नाही, रक्कम दोन्हीकडे महिना 4000 असली तरी. म्हणजे शिकागोतलं आजीकडे सोपवलेलं मूल फॉस्टरच्या आकड्यात आणि परभणीतलं तसंच मूल स्पॉन्सरशिपच्या नाहीतर बालसंगोपनाच्या.

वरदा_के:
सोपवणूक छान. 'ठेवून घेतलेली' ला माझा एक आक्षेप आहे, शहरी वाचकाला त्यात घरकामाला ठेवल्याचा वास येऊ शकतो, तशीही मुलं असतात हे आपल्याला माहितीये. 'नातलगांनी परस्पर सांभाळलेली' असं केलं तर? परस्पर म्हणजे मधे सरकार नाही.

गोदाकाठ:
आक्षेप मान्य. 'परस्पर' चांगला आहे, लोक रोज वापरतात.

निशिगंध:
मग तक्त्याचे मथळे असे करतेय, बघा आणि सांगा. 'सरकारच्या जबाबदारीवरची मुलं, 30 सप्टेंबर 2022 रोजी'. त्याखाली 'सोपवणूक कुठे': परक्या कुटुंबाकडे, नात्यातलं प्रतिपालन, ग्रुप होम किंवा संस्था, स्वतःच्या घरी पण केस चालू, पळून गेलेली, इतर. शेजारी वेगळ्या चौकटीत, वेगळ्या रंगात 'नातलगांनी किंवा मानलेल्या नातलगांनी परस्पर सांभाळलेली मुलं, अंदाजे', आणि खाली एक ओळ की दोन्ही आकडे वेगवेगळ्या मोजणीतून आलेत, त्यांची वजाबाकी करू नये. महाराष्ट्राचा बालसंगोपनाचा आकडा या तक्त्यात घेत नाहीये, त्यावर स्वतंत्र परिच्छेद.

आकडेमोड:
'पळून गेलेली' च्या जागी 'ठावठिकाणा नसलेली' चालेल का? मुलावर दोष येतो.

सह्याद्रीपार:
नको, तिथे पळून गेलेली असंच ठेवा. काही मुलांचा ठावठिकाणा माहीत असतो, ती मित्राकडे किंवा आईकडे गेलेली असतात, फक्त सोपवलेल्या घरात नसतात. 'सोपवलेलं घर सोडून गेलेली' असं लिहिलं तर दोषही येत नाही आणि अर्थही बरोबर राहतो.

निशिगंध:
हे उत्तम. तसंच करते.