चिमण्या आहेत हो, माळढोक गेला!

मुरमाड: कालपासून तिघांनी तीच पोस्ट पाठवली: 'मोबाइल टॉवरने महाराष्ट्रातल्या चिमण्या संपवल्या.' अहो, आमच्या मोहोळ स्टँडावर या, भेळेच्या कागदावरून भांडत असतात. २०२० च्या देशव्यापी पक्षी-अहवालात चिमणी २५ वर्षं जवळपास स्थिर आहे. घटली ती मुंबई धरून सहा महानगरांत. हातचा गेला तो माळढोक! सोलापूरजवळच्या नान्नजचं त्याचं अभयारण्य १९७९ चं, ८,४९६ चौ. किमी. पुढे छाटून १,२२२ केलं. तेव्हा कुणी स्टेटस ठेवला होता?

दादरकर: अहवाल ठेवा तुमच्याकडे. आमच्या चाळीत आजोबांच्या फोटोमागे दरवर्षी घरटं असायचं. चाळ पाडून टॉवर झाला, सरकत्या काचा आल्या, चिमणी परत दिसली नाही.

मुरमाड: म्हणजे टॉवरनेच घालवल्या की! फक्त मोबाइलच्या नाही, तुमच्या बिल्डरच्या.

कुंदा_ठाणे: चिमण्या गेल्या आणि कबुतरं बसली उरावर. सासऱ्यांना दम लागतो, डॉक्टर म्हणाले आधी बाल्कनीला जाळी लावा. आणि वरच्या मजल्यावरच्या बाई रोज ज्वारी उधळतात!

जीवदया: मूठभर दाण्यांनी कुणाचं काय जातं? २०२५ मध्ये कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली तेव्हा टाळ्या वाजवणारे तुम्हीच.

कुंदा_ठाणे: हो, वाजवल्या! पुण्य तुमचं आणि नेब्युलायझर आमचा?

जीवदया: भाषा सांभाळा, ताई.

दादरकर: दाणे बंद करा म्हणणारेच पुण्यतिथीला कावळा शोधत गच्चीवर फिरतात.

उत्तरसोलापूर: तुमचं कबुतर झालं असंल तर बोलू का? माळढोकासाठी रडणाऱ्यांनी आमचा सातबारा बघावा. अभयारण्याच्या नावाखाली वडलांना बहिणीच्या लग्नाला दीड एकर विकता येईना. पक्षी तुमचा, माती आमची.

मुरमाड: म्हणून माळ नांगरून ऊस लावायचा? तो पक्षी उघड्या जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुतेक एकच.

उत्तरसोलापूर: पाणी आल्यावर काय कुसळं राखू? आज्यानं बघितले तेवढे मी बघितले नाहीत, एवढं कबूल. पुढचं सरकारला विचारा.

दादरकर: बरं, मोबाइल टॉवर मागे घेतो. बिल्डरचा ठेवतो. खूश?

कुंदा_ठाणे: आणि ज्वारीचं काय ठरलं?