सिंग्लिशला मोडकं इंग्रजी म्हणू नका

बेडोककर: सिंग्लिश म्हणजे सिंगापुरातली रोजच्या बोलण्यातली इंग्रजी. काल एका काकांनी लिहिलं, "सिंग्लिश ही इंग्रजी न येणाऱ्यांची भाषा, मुलांच्या कानावर पडू देऊ नका." डोकंच फिरलं. 'शेक लेग' घ्या. इंग्रजीत 'शेक अ लेग' म्हणजे चल, आटप. सिंगापुरात 'शेक लेग' म्हणजे रिकामं बसणं, कारण मलय भाषेत 'गोयांग काकी', पाय हलवत बसणं. शब्द इंग्रजी, अर्थ मलय. 'केना फाइन', 'केना स्कोल्डिंग' यांतलं 'केना' बहुतेक वाईटालाच लागतं, आपल्या 'दंड बसला', 'फटका बसला' मधल्या 'बसला'सारखं. गाडी मागे घेताना टॅक्सीवाले अंकल 'गोस्टान, गोस्टान' ओरडतात. जहाजावरचं 'गो अस्टर्न' मलयमधून फिरून आलंय. हे मोडकं?

टँपिनीसची आई: माझ्या मुलीच्या निबंधात 'आय फॉलो माय मदर टू मार्केट'वर लाल रेघ आली. पीएसएलईचे, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेचे, मार्क तुम्ही देणार? सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू 1999 मध्येच सिंग्लिशला अडसर म्हणाले होते. 2000 पासून चांगल्या इंग्रजीची मोहीम चालू झाली, ती उगाच नाही.

बेडोककर: त्या 'फॉलो'त मलय 'इकुत' आहे, म्हणजे मागे जाणं आणि सोबत जाणंसुद्धा. मुलीला चूक म्हणण्याआधी हे सांगा.

वूडलँड्स: सगळं मलयच्या खात्यावर टाकू नका. 'ओपन द लाइट', म्हणजे दिवा लाव, यामागे चिनीही आहे. 'कियासू', म्हणजे मागे पडायची धास्ती, तर होक्कियन या चिनी बोलीतलाच.

कोल्हापूरचा: इंग्रजीचं राहू द्या हो. इथल्या शाळेत मातृभाषा म्हणून हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू घेता येते. मराठी नाही! पोरगा हिंदीत पहिला येतो आणि आजीशी फोनवर अडखळतो.

टँपिनीसची आई: घरी मराठी बोलायला कुणी अडवलंय?

कोल्हापूरचा: ताई, दोघंही रात्री आठला घरी येतो. गृहपाठ हिंदीचा, परीक्षा हिंदीची. मराठीला उरतो रविवार. तुमच्या घरी काय चालतं ते आधी सांगा.

टँपिनीसची आई: आमच्याकडेही हिंदीच घेतलीय. पण रोज जेवताना मराठीच, हा नियम आहे. जमवलं की जमतं.

कोल्हापूरचा: सगळ्यांना जमत नाही, म्हणून तर शाळेत हवी! गुजराती चालते, मग मराठी का नाही?

वूडलँड्स: धागा सिंग्लिशचा आहे.

बेडोककर: मुद्दा तोच आहे. घरची बोली कमी दर्जाची ठरवली की पोरं ती सोडतात, मग ती सिंग्लिश असो वा मराठी.

टँपिनीसची आई: बरं, मोडकं म्हणणार नाही. निबंधात मात्र 'फॉलो' मीच खोडणार.

बेडोककर: खोडा. तिला 'इकुत' सांगून खोडा.

कोल्हापूरचा: शाळेत मराठी हवी असणाऱ्यांनी इथेच नावं द्या. शिक्षण खात्याला पत्र लिहायचंय.