बंद पाइपला एंड प्लेट: कोणता बोल्ट?

खांबतुळई: 150×150×6 चा चौकोनी पाइप, कॉलम म्हणून. गॅल्व्हनाइज्ड आहे, साइटवर वेल्डिंग नको. बीमची एंड प्लेट बोल्टने लावायची, पण आत नट धरायला हात जात नाही. आरपार लांब बोल्ट टाकू की होलो-बोल्ट (एकाच बाजूने बसणारा, आत स्लीव्ह फाकून पकडणारा)?

चौदाचापाना: आरपार बोल्ट कचकचून आवळलात की समोरासमोरच्या भिंती आत दबणार. स्नग (नुसता टेकेपर्यंत आवळून) ठेवून शिअरला, म्हणजे बोल्टला आडव्या कापणाऱ्या जोराला, चालतो, पण दुसऱ्या बाजूलाही बीम आला की डोकं खाजवत बसाल.

मी होलो-बोल्टच घेईन. फक्त एक गोष्ट ड्रॉइंग काढतानाच बघा: एम16 ला भोक 18 नाही, 26 मिमी लागतं, एम20 ला तर 33. एज डिस्टन्स (भोकापासून कडेपर्यंतचं अंतर) तिथेच बोंबलतो. लांबी प्लेट आणि भिंत यांची जाडी मिळून निवडायची. बसवताना कॉलर (बोल्टच्या डोक्याखालची कड) प्लेटला टेकलेली हवी. ती पान्याने घट्ट धरा, नाहीतर अख्खा बोल्ट गरागरा फिरतो. मग टॉर्क रेंचने, एम16 ला 190 न्यूटन-मीटर. अंदाजपंचे नको, आतला स्लीव्ह फाकला की नाही हे नंतर दिसत नाही.

आणि जोडावर मोमेंट (वाकवणारा जोर) आहे का? असेल तर बोल्टआधी 6 मिमीची भिंत वाकते.

टॅपवाला: फ्लोड्रिल (घर्षणाने भोक पाडून भिंतीतच आटे काढायचे)? मग साधा बोल्ट चालतो.

चौदाचापाना: वर्कशॉपमध्ये उत्तम. पण घर्षणाच्या उष्णतेने भोकाभोवतीचं जस्त जातं, म्हणून गॅल्व्हनाइझिंगआधी करायला हवं होतं.

खांबतुळई: फक्त शिअर आहे. एम16 घेतो.