रांगोळीचा नकाशा आणि प्रोजेक्टर

काही जण म्हणतात की ग्रामसभेत प्रोजेक्टर लावला की चर्चा आपोआप रंगते. माझा अनुभव उलटा आहे. पडद्यावरचा नकाशा लोक बघतात, त्याला हात लावत नाहीत.

पाणलोटाच्या, म्हणजे पावसाचं पाणी अडवण्या-जिरवण्याच्या कामात आम्ही देवळापुढचं अंगण झाडून रांगोळीनेच गाव काढायचो. निळी रेघ म्हणजे ओढा, विहिरीला खडा, बोअरला काडी. सुरुवातीला अर्थातच पुढारीच बोलायचे. एकदा एका आजींनी पायानेच ओढ्याची रेघ पुसली. "वढा हितनं न्हाई वळत, आमच्या बांधाखालनं जातो." झालं! पुढचा तासभर कुणी कुणाला बोलू देईना. ही लोकसहभागाची पद्धत जगभर पोचवणारे रॉबर्ट चेंबर्स 'छडी लोकांच्या हाती द्या' म्हणायचे, ते हेच.

फक्त रांगोळी टिकत नाही, कोंबड्या तर संध्याकाळचीही वाट बघत नाहीत. म्हणून लगेच कागदावर उतरवून घ्यायची, आणि तो कागद गावातच ठेवायचा. आम्ही सुरुवातीला तो घेऊन यायचो, चूकच होती ती.

आकड्यांसाठी मात्र फळा बरा. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती पाणी आहे आणि किती लागेल याचा हिशेब, मांडून पिकं ठरवतात. १ हेक्टरवर १ मिमी पाऊस पडला की १०,००० लिटर होतात. हे नुसतं सांगून कुणाच्या डोक्यात शिरत नाही. फळ्यावर एक मोठा टँकर काढा, खाली '१ मिमी' लिहा. मग ४०० मिमीचे टँकर लोक स्वतःच मोजतात, आणि भरपूर पाणी पिणाऱ्या उसाचा विषय कुणीतरी काढतंच.