पोलिओ झालेल्यांचा 'चांगला' पाय म्हातारपणी दगा देतो का?

मिरजेची_सून:
सासरे 63 वर्षांचे. दोन वर्षांचे असताना पोलिओ झाला, उजवा पाय बारीक. मांडीवर हात दाबून चालतात, पण आयुष्यभर किराणा दुकान एकट्याने चालवलं. हल्ली डावा, म्हणजे धडका पाय लटपटतोय. चार पायऱ्या चढल्या की टेकतात. डॉक्टर म्हणाले, वय झालं. शेजारच्या काकू म्हणतात, पोलिओ उलटलाय, नातवाला जवळ देऊ नका. नातू आठ महिन्यांचा आहे. काय करावं?

कॅलिपरवाला:
ताई, नातवाला खुशाल मांडीवर द्या. पोलिओचा विषाणू विष्ठेतून बाहेर पडतो आणि घाण पाण्यातून, हातांवरून दुसऱ्याच्या तोंडात जातो. तोही संसर्गानंतर काही आठवडेच. साठ वर्षांनी सासऱ्यांच्या अंगात त्यातलं काही उरलेलं नाही. आपल्या देशात या रानटी (म्हणजे लशीतून न आलेल्या, निसर्गातल्या) विषाणूचा शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत, हावड्याला सापडला.

संसर्ग झालेल्या साधारण 200 जणांत एखाद्यालाच लुळेपणा येतो. बाकीच्यांना काही होत नाही, फार तर ताप, पण विषाणू तेही पसरवतात. आमच्या गल्लीत लंगडा मी एकटाच. त्यामुळे ग्रहणात काहीतरी चिरलं असशील, हे आईला जन्मभर ऐकावं लागलं. 'तापात इंजेक्शन दिलं आणि पाय गेला' हेही घरोघरी ऐकाल. ते मात्र अगदीच खोटं नाही. संसर्ग चालू असताना स्नायूत सुई टोचली तर त्याच हातापायात लुळेपणा येण्याची शक्यता वाढते.

आता पायाचं. पोलिओ स्नायू हलवणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी मारतो. वाचलेल्या पेशींना नवे फाटे फुटतात आणि त्या पोरक्या स्नायूतंतूंनाही चालवतात. भाऊ गेल्यावर त्याचाही संसार एकट्या कमावत्यावर पडावा, तसं. तीस-चाळीस वर्षं निभतं, मग त्या पेशीही थकतात. 'धडका' पायही बहुधा तेव्हा थोडाफार सापडलेला असतो, फक्त कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. नवी अशक्तता, न जाणारा थकवा, सांधेदुखी, थंडी सहन न होणं. माझा पाय डिसेंबरात जांभळट पडतो, रात्री लोकरी मोजा घालूनच झोपतो. स्पर्श शाबूत असल्यामुळे गारठा मात्र पुरेपूर कळतो!

फिजिओ_सातारा:
वरचं बरोबर, पण थेट तोच शिक्का मारू नका. याची एक अशी ठरावीक तपासणी नाही. थायरॉइड, बी-12, कमरेची दबलेली नस हे आधी वगळावं लागतं. झोपेत दम लागत असेल किंवा गिळताना ठसका लागत असेल तर लगेच दाखवा. 'रोज तासभर चाला' हा सल्ला अशा माणसाला बाधतो. व्यायाम हलका, मध्ये विश्रांती घेत, दमण्याआधी थांबून. बारीक पायाचं हाड ठिसूळ असतं, म्हणून न्हाणीघरात दांडी बसवा. कधी ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना पोलिओचं आधीच सांगा.

मिरजेची_सून:
खूप आभार. काठीचं नाव काढलं की चिडतात. म्हणे, इतकी वर्षं नाही घेतली, आता लोक काय म्हणतील?

कॅलिपरवाला:
लोक पन्नास वर्षं म्हणतच आलेत, त्यात काठीने काय भर पडणार! त्यांचा उजवा हात मांडीवर अडकलेला, म्हणजे काठी डाव्या हातात. उंची मात्र फिजिओकडूनच मापून घ्या, नाहीतर खांदा जातो. दुकानात गल्ल्यामागे उंच स्टूल ठेवा, उभं राहणं निम्म्यावर येईल. आणि नातवाला नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर पोलिओचीही सुई असते. आधीचे डोस झालेत ना, कार्डावर बघून ठेवा.