बाबांचा ईएसआर ३४ आला म्हणून…
ईएसआर (शरीरातल्या दाहाचा, म्हणजे आतल्या सुजेचा, अंदाज देणारी रक्ततपासणी) ३४ बघून धास्तावलात, पण बाबांचं वय ७२ ना? जुना ठोकताळा असा: पुरुषांत वय भागिले दोन, बायकांत वयात दहा मिळवून भागिले दोन, इथपर्यंत चालतं. लॅबच्या कागदावर बहुधा तरुणांचीच मर्यादा छापलेली असते, म्हणून शेजारी ठळक ‘एच’, म्हणजे ‘हाय’. माझ्या आईच्या रिपोर्टवरही होता. बाई तेव्हा रोज पर्वती चढत होती! वयाबरोबर सीआरपी, आयएल-६ ही दाह दाखवणारी रक्तातली प्रथिनंही थोडी वर सरकतातच; फ्रान्चेस्की या इटालियन शास्त्रज्ञाने २००० साली त्याला ‘इन्फ्लमेजिंग’ (इन्फ्लमेशन म्हणजे दाह, एजिंग म्हणजे वय होणं) नाव दिलं. मात्र सुटलेलं पोट, सुजलेल्या हिरड्या यांनीही सीआरपी वाढतो, तेव्हा दात दाखवून घ्या. ताप, घटतं वजन किंवा सकाळी आखडलेले खांदे असतील, तर ठोकताळा सोडा, डॉक्टर गाठा.